मानशीची वही

बाबांच्या पत्र्याच्या ट्रंकेत सापडलेली वही निळ्या पुठ्ठ्याची आहे आणि तिला वाळवीने एका कोपऱ्यातून खाल्ले आहे. आत हाताने आखलेले रकाने आहेत: तिथी, पाण्याची वेळ, सुंगटे (कोळंबी) किती पाट्या, भाव आणि शेरा. नोंदी 1983 सालच्या कार्तिकापासून पुढच्या वर्षीच्या ज्येष्ठापर्यंतच्या, म्हणजे बाबांनी गावाची मानस पावणीत, म्हणजे लिलावात, घेतली होती त्या एका हंगामाच्या आहेत. शेऱ्याच्या रकान्यात काही तिथींपुढे एकच शब्द लिहिलेला आहे, ‘बंद’, आणि त्या रात्रींच्या पाट्यांच्या जागी नुसती आडवी रेघ आहे. मी त्या शब्दाचा अर्थ कितीतरी वर्षे चुकीचा लावत आलो, हे मला गेल्या पावसाळ्यानंतर कळले.

आमचे गाव मांडवीच्या काठी आहे, एवढेच सांगतो. नाव लिहीत नाही, कारण पुढे जे सांगायचे आहे त्यात गावातल्या माणसांच्या चुका आहेत आणि त्यांतली पहिली आमच्या घरची आहे.

गोव्याबाहेरच्या वाचकासाठी मानस म्हणजे काय ते आधी सांगायला हवे. खाजणाची शेते भरतीच्या पातळीपेक्षा खाली असतात. नदीचे खारे पाणी बाहेर ठेवण्यासाठी मातीचा, चिऱ्यांचा बांध असतो, आणि त्या बांधात ठरावीक जागी चिऱ्यांच्या बांधकामात बसवलेली लाकडी दारे असतात. ती मानस. दारे अशा रीतीने टांगलेली असतात की भरतीचे पाणी चढू लागले की त्याच्याच दाबाने ती मिटतात आणि सुकतीला, म्हणजे ओहोटीला, आतल्या पाण्याच्या दाबाने आपोआप उघडतात. माणसाने तिथे उभे राहण्याची गरज नसते. दाराच्या आतल्या बाजूला एक खोलगट जागा असते, तिला पोय म्हणतात. शेतातले पाणी निचरून तिथे जमते आणि मासळी व सुंगटे तिथेच वाढतात. पावसाळ्यात शेतात कोरगुटासारखे खारवट जमीन सोसणारे भात, कापणीनंतर सुंगटे, असा त्या जमिनीचा वर्षाचा फेरा. फोंडा तालुक्यातल्या बांदोडे येथे सापडलेल्या, अनिर्जितवर्म्याच्या ताम्रपटात ‘खज्जन’ हा शब्द आला आहे, आणि तो ताम्रपट सुमारे दीड हजार वर्षे जुना मानला जातो. गोव्यातले खाजणाचे क्षेत्र साधारण 18,000 हेक्टर म्हणून सांगितले जाते, पण त्यातले किती अजून खऱ्या अर्थाने खाजण उरले आहे हे बांधावरून चालणाऱ्यालाच दिसते.

मी अकरा वर्षांचा होतो. अवसेच्या रात्री बाबांबरोबर मानशीवर जायला मिळणे ही त्या वर्षीची माझी सर्वांत मोठी चैन होती. भरतीची वेळ काढायला बाबांना पंचांगापलीकडे काही लागत नसे; तिथीची पाऊणपट केली की भरतीचा तास निघतो, हा किनाऱ्यावरचा जुना हिशेब, त्यात आमच्या बाजूचा थोडा फरक आणि पाणी नदीतून आत येईपर्यंतचा आणखी थोडा उशीर ते मनातल्या मनात घालत. अवसेला मध्यरात्रीच्या आसपास पाणी पूर्ण भरते. आम्ही कंदील घेऊन बांधावरून जायचो, बाबा पुढे, जाळे खांद्यावर घेतलेले काका मधे आणि मी मागे. हे काका नात्याचे नव्हेत; मानशीवर जन्म काढलेले गडी, त्या वेळी तिशीतले असतील.

पाणी भरून उभे राहिले की काही वेळ सगळे थांबते. नदीचा आवाज बंद होतो, कांदळाच्या मुळांतली चुळबूळ थांबते, आणि मिटलेल्या दाराच्या फटीतून येणारी बारीक चिरचिरसुद्धा ऐकू येईनाशी होते. मग कधीतरी एक फळी कुरकुरते. दार बोटभर सरकते, पुन्हा मिटते, पुन्हा सरकते आणि एकदम सुटते. आतले पाणी बाहेर धावू लागते. त्या तोंडाशी काकांनी पिशवीसारखे निमुळते जाळे चौकटीत आधीच बसवलेले असे. वर कंदील टांगला की उजेडात पाण्यामध्ये शेकडो तांबडे ठिपके चमकू लागत. ते सुंगटांचे डोळे. निखारे विझत नाहीत आणि वाहत जातात, असे मला तेव्हा वाटले होते, आणि आजही त्याहून बरी उपमा मला सुचलेली नाही. पहाटे जाळ्याचे टोक सोडले की पाटीत सुंगटांची तडतड सुरू व्हायची, पहिल्या सरी कौलांवर पडतात तशी. त्यांच्यात शेवटे, काळुंदरे हे मासे, एखादी चिडलेली कुर्ली. बाबा बोटभराहून लहान सुंगटे वेगळी काढून परत आत पोयीत टाकायचे, आणि ही निवड कंदिलाच्या उजेडात इतक्या वेगाने चालायची की मला ती जादू वाटत असे. घरी आई त्यातल्या पसाभर सुंगटांचे आंबाडे घालून हुमण करायची. बाकीची पाटी उजाडण्यापूर्वी होडीने बाजाराला गेलेली असायची.

सुंगट या प्राण्याचे आयुष्य समजल्याशिवाय त्याच्या संरक्षणाची कुठलीही चर्चा पोकळ ठरते, म्हणून ते थोडे विस्ताराने लिहितो. आपल्याकडची पांढरी कोळंबी किंवा वाघ कोळंबी अंडी घालते ती समुद्रात, नदीत नव्हे. एक मादी एका वेळी लाखांच्या घरात अंडी सोडते. त्यांतून निघालेली, डोळ्यांना दिसणारही नाहीत अशी पिल्ले अनेकदा कात टाकत, रूप बदलत दोनतीन आठवडे पाण्यावर तरंगतात आणि मग भरतीच्या पाण्याबरोबर खाडीत, नदीच्या मुखातून आत, कांदळाच्या मुळांत, खाजणाच्या पोयीत शिरतात. तिथे गोडे-खारे पाणी, गाळ, कुजलेल्या पानांचे अन्न आणि मोठ्या माशांपासून आडोसा मिळतो. काही महिन्यांत ती बोटाएवढी होतात आणि जोराच्या सुकतीबरोबर पुन्हा समुद्राकडे निघतात, कारण त्यांची वीण तिथेच व्हायची असते. म्हणजे ज्या सुंगटाला आपण नदीतले म्हणतो ते नदीचे नाही आणि समुद्रातल्या ट्रॉलरला मिळते तेही समुद्राचे नाही. मुखाजवळच्या एका दारातून दोनदा गेलेला तो प्रवासी आहे.

यातून एक अडचण उभी राहते आणि ती मी टाळणार नाही. खाडीतल्या छोट्या मच्छीमारावर, मानशीच्या जाळ्यावर, खुंटांना बांधलेल्या जाळ्यावर मत्स्यशास्त्राचा आक्षेप असा असतो की ही मंडळी सुंगट वयात येण्यापूर्वीच, एकदाही वीण होण्यापूर्वी, पकडतात. आक्षेप खरा आहे. संरक्षित क्षेत्र आखायचे ठरवले तर पहिली रेघ अशाच बालवाडीभोवती ओढावी लागते, आणि नेमक्या त्याच जागी लहान होडीवाल्याचे, पागेर, म्हणजे फेकजाळे, मारणाऱ्याचे आणि मानशीवर रात्र काढणाऱ्याचे पोट असते. मोठ्या बोटीला खोल पाण्यात दुसरीकडे जाता येते. पाण्यात कंबरेपर्यंत उभा राहणारा माणूस दुसरीकडे जाणार कुठे?

मालवणला माझे आजोळ आहे, त्यामुळे ही गोष्ट मी लहानपणापासून दोन्ही बाजूंनी ऐकली. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचे मालवण सागरी अभयारण्य 1987 साली जाहीर झाले. क्षेत्र 29.122 चौरस किलोमीटर, त्यातला 3.182 चौरस किलोमीटरचा गाभा. तेव्हापासून तिथल्या मच्छीमारांचा त्याला विरोध राहिला आहे, आणि मामाच्या पडवीत या विषयावर चाललेले वाद मला जेवणाच्या पंगतीइतके आठवतात. पुढे 1991 साली वन्यजीव संरक्षण कायद्यात दुरुस्ती झाली आणि त्यात एक वाक्य आले: अभयारण्यात प्रादेशिक समुद्राचा भाग घ्यायचा असेल तर त्याची हद्द नौदलाच्या मुख्य जलसर्वेक्षकाशी विचारविनिमय करून आणि स्थानिक मच्छीमारांच्या व्यवसायाच्या हिताचे पुरेसे रक्षण करून ठरवावी. मालवणची अधिसूचना निघून चार वर्षे झाल्यावर हे वाक्य कायद्यात आले. शिवाय ते समुद्रासाठी आहे. नदीच्या कुशीतल्या कांदळवनाबद्दल ते काही बोलत नाही.

तसे एक कांदळवन आमच्या शेजारी आहे. चोडण बेटाच्या पश्चिम टोकाला 1988 साली डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्य जाहीर झाले. ते फक्त 1.78 चौरस किलोमीटरचे आहे. रायबंदरहून फेरीबोटीने पाचदहा मिनिटांत पलीकडे उतरले की समोरच ते सुरू होते. मी दरवर्षी शाळेच्या मुलांना तिथे घेऊन जातो. भरतीला तिथे पाणी झाडांच्या खोडांपर्यंत चढलेले असते. सुकतीला चिखलातून तिवराची श्वसनमुळे पेन्सिली रोवल्यासारखी वर आलेली दिसतात आणि निवट्या मासे त्यांच्यावरून उड्या मारत जातात. मुलांची नजर खंड्यावर आणि बगळ्यांवर असते, कारण पाटीवर पक्षी लिहिलेले आहेत. मी त्यांना चिखलाकडे बघायला सांगतो. त्या पाण्याच्या प्रत्येक ओंजळीत नखाएवढी सुंगटे असतात, आणि पक्षी तिथे येतात त्यात त्यांचाही वाटा आहे. पक्ष्यांसाठी राखलेले हे रान सुंगटांची बालवाडी म्हणून आपोआप राखले गेले, आणि त्याचा फायदा हद्दीबाहेरच्या सुकतीच्या पाण्यात जाळे घालणाऱ्याला होतो यात मला शंका नाही. माझी तक्रार अभयारण्याबद्दल नाही.

मला खटकते ती गोष्ट वेगळी आहे. नकाशावरचे संरक्षण जागेचे असते: ही रेघ, तिच्या आत नाही, बाहेर चालेल. खाजणातले संरक्षण वेळेचे होते. कोणत्या तिथीला जाळे, कोणत्या महिन्यात पाणी आत, कोणत्या महिन्यात बाहेर, कुठल्या रात्री हात लावायचा नाही. पंधरवड्याच्या पंधरा रात्रींपैकी चतुर्दशीपासून चतुर्थीपर्यंतच्या पाचसहा रात्रीच आमच्या मानशीवर जाळे लागे. भांगाच्या दिवसांत पाण्याला ओढ नसते, तेव्हा मानस शांत असे. जे सुंगट दोन महिने इथे आणि पुढे तिथे राहणार, त्याच्यासाठी मला तरी पंचांग नकाशापेक्षा जवळचे वाटते. पण हे लिहिताना मला जपून राहिले पाहिजे, कारण जुन्या रीतीचे गोडवे गाणारे लेख मी पुष्कळ वाचले आहेत आणि त्यांतल्या एकातही पावणीचा हिशेब नसतो.

पावणी म्हणजे लिलाव. खाजणाची व्यवस्था मुळात गावकरीची, म्हणजे गावच्या सामायिक जमीनसंस्थेची, पोर्तुगीज काळात कोमुनिदाद म्हणून ओळखली गेलेली. अफोंसो मेशिया या पोर्तुगीज अधिकाऱ्याने 1526 साली गावकारांचे रीतिरिवाज लिहून काढलेला दस्तऐवज प्रसिद्ध आहे. बांध राखणे हे सगळ्यांचे काम होते, कारण बांध एका ठिकाणी फुटला तरी पाणी सगळ्यांच्या शेतात शिरते. मुक्तीनंतर 1964 चा कुळ कायदा आला, 1976 च्या दुरुस्तीने कसणाऱ्याला जमिनीची मालकी दिली, आणि ते न्यायाचेच झाले. माझे आजोबा कूळ होते, त्यामुळे मी त्याविरुद्ध बोलणे शोभणार नाही. मात्र बांधाची जबाबदारी कुणाची, हे पूर्वीइतके स्पष्ट राहिले नाही. कुळांच्या संघटना झाल्या, आणि बांधदुरुस्तीसाठी त्यांना पैशाचा सोपा मार्ग दिसला तो मानशीच्या पावणीचा. सुंगटाला परदेशी बाजारात भाव आलेला होता. वर्षाला जो जास्त बोली करील त्याला मानस. ज्याने बोली केली त्याला ती रक्कम आठ महिन्यांत सुंगटांतून काढायची असते, आणि त्याचे स्वतःचे शेत त्या खाजणात असलेच पाहिजे असा नियम नसतो.

बाबांचे शेत होते. म्हणूनच गावाने त्यांच्यावर विश्वास टाकला. त्यांनी बोली मात्र परवडण्यापेक्षा जास्त केली, कारण समोर बाहेरगावचा एक मच्छी व्यापारी बोलत होता आणि मानस गावाबाहेर जाऊ नये असे त्यांना वाटले. आईची सोन्याची पाटली त्या पावणीत गेली हे मला पुढे कळले.

वही नीट पाहिली तर सगळे दिसते. कार्तिकात प्रत्येक उधाणाला प्रतिपदा आणि द्वितीया या दोन तिथींपुढे ‘बंद’ आहे. मार्गशीर्षात दोन, पौषात दोन. माघात फक्त द्वितीयेपुढे. फाल्गुनापासून तो शब्द वहीत नाही. पाट्यांचा आकडा फाल्गुनात वाढतो, चैत्रात पुन्हा खाली येतो, आणि वैशाखात भावाच्या रकान्यात बाबांनी कधी दोनदोनदा खोडून लिहिले आहे. बोटभराच्या आतली सुंगटे परत टाकणे कधी थांबले ते वही सांगत नाही. ते मला आठवते. एका रात्री मी ती वेगळी काढायला बसलो तेव्हा बाबा म्हणाले, “राहू दे, गालमो म्हणून सुकवता येतील.” गालमो म्हणजे सुका जवळा, त्याची किसमूर मला अतिशय आवडत असे, म्हणून मला तेव्हा आनंदच झाला.

खरी चूक ज्येष्ठात झाली. खाजणात पावसाळ्यापूर्वी खारे पाणी पूर्ण बाहेर काढून दारे घट्ट करावी लागतात, म्हणजे पहिल्या पावसाने मातीतले मीठ धुऊन निघते आणि भात रुजते. बोलीची रक्कम अजून फिटली नव्हती. बाबांनी आणखी एक उधाण घ्यायचे ठरवले. नुसती आतली सुंगटे काढून भागणार नव्हते, नवे पाणी आत घ्यायला हवे होते, आणि भरतीला दार आपोआप मिटते. म्हणून त्यांनी दार दोरीने बांधून उघडे ठेवले. मी ती दोरी पाहिली आहे. नारळाच्या काथ्याची, दोन पदरी, खांबाला तीन वेढे घातलेली. पोय भरून पाणी शेतांच्या बांधोळ्यांवरून पसरले, मधल्या आणि बाहेरच्या दोन्ही बांधांची माती आतूनबाहेरून भिजली, आणि त्याच आठवड्यात पाऊस कोसळला. बाहेरच्या बांधाला बारा-पंधरा हातांचे खिंडार पडले.

त्या वर्षी गावाने ते बुजवले. चिखल, पेंढा, चिरे, रात्रंदिवस माणसे. बाबा सगळ्यांत पुढे होते आणि त्यांच्याशी कुणी बोलत नव्हते. शेतात त्या वर्षी आणि पुढच्या वर्षी भात झाले नाही. दुर्भाट-बोरीच्या भागात पौष अवसेला चिखलाची मगर करून तिची पूजा करतात, मांगे थापणी म्हणतात तिला, शेतांची आणि बांधांची राखण करणारी म्हणून. त्या हिवाळ्यात आमच्या आईने तिथल्या नात्यातल्या बाईकडून त्या पूजेतला प्रसाद मागवला आणि बांधावर नेऊन ठेवला, हे मी पाहिले. गावातल्या माणसांना त्याचे हसू आले नाही.

नव्वदच्या दशकात बांध पुन्हा फुटला. या वेळी दोरी कुणाची नव्हती. खनिज भरलेल्या बार्जी मांडवीतून सतत जात, त्यांच्या लाटांनी बांधाचा पाया खाल्ला होता, आणि बुजवायला माणसे उरली नव्हती. आमच्या पिढीतले बहुतेक नोकरीला लागलेले होते, मी स्वतः शिक्षक झालो होतो. खिंडार तसेच राहिले. बाहेरच्या खाजणात भरतीबरोबर तिवराच्या बिया आल्या, मारांडी आली, मग कांदळ, चिपी. दहापंधरा वर्षांत माझ्या आजोबांच्या शेतात माणूस शिरणार नाही एवढे रान झाले.

आता ते रान कायद्याने राखलेले आहे. किनारी नियमन क्षेत्राच्या 1991 च्या पहिल्या अधिसूचनेपासून कांदळवन सर्वांत संवेदनशील वर्गात येते. 2011 च्या अधिसूचनेत तर गोव्यासाठी खास तरतूद आहे: खाजणांचे नकाशे करावेत, खाजणालगतच्या कांदळवनांचे रक्षण करावे, खाजणांचा व्यवस्थापन आराखडा करावा आणि खाजणात विकासकामे करू देऊ नयेत. ही तरतूद नसती तर आमच्या त्या भागात आज काय उभे असते याची मला कल्पना आहे, म्हणून तिला नावे ठेवणे कृतघ्नपणा होईल. तरीही त्या रानापुढे उभा राहिलो की मला चमत्कारिक वाटते. जे शेत आम्ही राखले असते तर शेत म्हणून राहिले असते, ते आम्ही टाकले म्हणून संरक्षित झाले. रानाला हात लावायचा नाही हे योग्यच आहे. पण एखाद्या शेतकऱ्याला खिंडार बुजवून पुन्हा भात करावेसे वाटले तर तो वनाचा नाश करणारा ठरू शकतो, आणि ज्यांच्या हलगर्जीपणामुळे हे वन उगवले ते आम्ही मात्र निसर्गप्रेमी म्हणून मिरवू शकतो.

सुंगटांच्या दृष्टीने पाहिले तर रान वाढले हे चांगलेच. त्या मुळांत आज जितकी पिल्ले वाढत असतील तितकी पोयीत कधी वाढली नसतील. फक्त ती पुढे जातात कुणाकडे? समुद्रात. गोव्यात ट्रॉलर आले ते प्रामुख्याने सुंगटांच्या ओढीने, आणि त्यांच्याविरुद्ध रांपणकारांनी, म्हणजे किनाऱ्यावरून मोठे जाळे ओढणाऱ्या पारंपरिक मच्छीमारांनी, मातानी साल्ढाणा यांच्यासारख्या नेत्यांबरोबर जो लढा दिला त्यातून 1980 चा सागरी मासेमारी नियमन कायदा आला. किनाऱ्यापासून पाच किलोमीटर पट्टा पारंपरिक मच्छीमारांचा, आणि पावसाळ्यात मासेमारीबंदी, सध्या 1 जून ते 31 जुलै अशी 61 दिवस. ही बंदी, पाहा, जागेची नव्हे, वेळेची आहे, आणि माझ्या मते किनाऱ्यावरच्या सगळ्या नियमांत तीच सर्वांना सर्वांत लवकर समजते. सर्वोच्च न्यायालयाने 1996 साली एस. जगन्नाथ यांच्या याचिकेवर निकाल देताना किनारी पट्ट्यातल्या औद्योगिक कोळंबीतळ्यांवर बंदी घातली, पण पारंपरिक पद्धतीला वगळले, तेव्हा आमच्याकडे समाधान व्यक्त झाले होते. पारंपरिक म्हणजे दोरी बांधलेले दार की न बांधलेले, हा प्रश्न न्यायालयासमोर यायचे कारण नव्हते. पणजीच्या मार्केटात आज जी एकसारख्या आकाराची सुंगटे दिसतात त्यांतली बरीच व्हेनामी आहेत, मूळची प्रशांत महासागराची, 2009 पासून देशात परवानगीने वाढवली जाणारी, आंध्रातल्या तळ्यांतून बर्फात येणारी. खायला वाईट नाहीत. हुमणात मात्र ती पाहुण्यासारखी बसतात.

आमचे मधल्या बांधाच्या आतले लहान खाजण अजून रान झालेले नाही, कारण तिथला बांध टिकला. त्याची मानस मोडकी आहे. दोन दारांपैकी एक गेले, दुसरे अर्धे कुजले. गेल्या पावसाळ्यानंतर गावातली पाचसहा मुले, त्यांतली दोन माझी विद्यार्थी, माझ्याकडे आली. त्यांना दारे नव्याने बसवायची आहेत, कोरगुट लावायचे आहे आणि हिवाळ्यात सुंगटे धरायची आहेत, पावणीशिवाय, सगळ्यांनी वाटून. बाबांच्या वहीबद्दल त्यांना कुठून तरी कळले होते. मी ती काढली. एका मुलाने मोबाइलवर भरतीचे तक्ते काढून बाबांच्या वेळा ताडून पाहिल्या. रोजचा फरक अर्ध्यापाऊण तासाच्या आतबाहेर निघाला, आणि मला उगाच अभिमान वाटला.

मग त्याने विचारले, “सर, हे ‘बंद’ म्हणजे काय?” मी म्हणालो, “त्या रात्री मानस बंद. पाणी फार जोराचे असते, म्हणून दार पक्के बंद करून ठेवत असतील.” मी असे इतकी वर्षे समजत होतो. मला मानशीवर नेत ते जाळ्याच्या रात्री. बंदच्या रात्री मी घरी झोपलेला असायचो.

काका आता सत्तरी ओलांडून गेले आहेत, त्यांना दिसते कमी पण ऐकू सगळे येते. आम्ही त्यांच्या अंगणात वही घेऊन गेलो. मी वाचून दाखवले आणि माझा अर्थही सांगितला. ते हसले. “मास्तर, दार कसे बंद करणार? आतले पाणी कुजेल. दार उघडेच. बंद ते जाळे. ऐन उधाणाला मोठे सुंगट आपणहून सुटते, समुद्राची वाट धरते. त्या रात्री जाळे वर काढून ठेवायचे आणि झोपायचे.”

म्हणजे ज्या रात्री सर्वांत जास्त पाट्या मिळाल्या असत्या, त्याच रात्री. मी वही पुन्हा चाळली. फाल्गुनातल्या प्रतिपदेपुढे बारा पाट्या लिहिलेल्या होत्या, वहीतला सर्वांत मोठा आकडा.

मुलांनी काकांना विचारले, की आता नव्याने करायचे तर अशा किती रात्री सोडाव्यात. काका जरा थांबले. “ह्याच्या बाबांनी दोन सोडल्या, मग एकही नाही. त्यांच्या आधी मानस होती त्याच्याकडे तीन असायच्या. त्यातली तिसरी आम्ही पोरे त्याला न कळता धरायचो, ते सोडून द्या.” मुलांनी तीन लिहिल्या. मी नव्या वहीत बाबांसारखेच रकाने आखून दिले आणि वर ‘कार्तिक’ घातले, तेव्हा काकांनी ते खोडून मार्गशीर्ष करायला सांगितले, कारण दारांसाठी घेतलेली मट्टीची फळी अजून ओली आहे आणि सुतार ती वाळल्याशिवाय हातात धरणार नाही.